मांडीवरचे मूल आणि विमानातला पट्टा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांना घेऊन विमानप्रवास कसा करावा, याविषयी एक लेख आला होता. खाऊ कोणता न्यावा, कानाला दडे बसू नयेत म्हणून विमान उतरताना मुलाला काय चोखायला द्यावे, कपड्यांचा जादा जोड कोणत्या बॅगेत ठेवावा, अशा उपयोगी सूचना त्यात होत्या आणि मी ते कात्रण लगोलग माझ्या मुलीला पाठवले. मात्र मुलाला विमानात बसवायचे कसे, आसनावर की मांडीवर, कोणत्या पट्ट्याने, आणि तो पट्टा त्याच्या अंगाला नीट बसतो का, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. यात लेखिकेचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. तिकीट काढताना, चेक-इन काउंटरवर किंवा विमानाच्या दारात आम्हालाही हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आम्हाला तो पडला तो थेट नागपूरच्या आकाशात.

मे महिन्यात मी, माझी मुलगी आणि तिचा सव्वादोन वर्षांचा मुलगा असे तिघे दुपारच्या विमानाने मुंबईहून नागपूरला निघालो होतो. नातवाला दोन वर्षे पूर्ण झालेली असल्यामुळे त्याचे स्वतंत्र तिकीट आणि स्वतंत्र आसन होते. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मुलाने भाच्यासाठी विमानात वापरायचा एक हार्नेस पाठवला होता. जेमतेम अर्धा किलो वजनाची, हातातल्या पिशवीत मावेल अशी ही वस्तू आहे. तिचा एक रुंद पट्टा आसनाच्या पाठीला वेढा घालून, मागच्या प्रवाशाच्या बंद ट्रेखालून घेऊन आवळायचा, त्याला जोडलेले दोन पट्टे मुलाच्या खांद्यांवरून पुढे आणायचे आणि त्यांच्या टोकांच्या फाशांतून विमानातलाच कमरेचा पट्टा ओवायचा. एवढे केले की मूल खांदे आणि कंबर अशा दोन्ही ठिकाणी धरले जाते. केअर्स या नावाने मिळणाऱ्या या हार्नेसला अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, २००६ साली मान्यता दिली. १० ते २० किलो वजनाच्या, साधारण एक मीटरपर्यंत उंचीच्या आणि आधाराशिवाय ताठ बसू शकणाऱ्या मुलांसाठी तो आहे. माझ्या नातवाचे वजन साडेअकरा किलो. मान्यतेची चिठ्ठी पट्ट्यावरच शिवलेली होती.

मुलीने हार्नेस लावून पुरा केला तेवढ्यात एक विमानसेविका आली आणि हे काढावे लागेल, असे तिने नम्रपणे पण ठामपणे सांगितले. मुलीने चिठ्ठी दाखवली. ती वाचून विमानसेविकेने वरिष्ठांना विचारून येते म्हटले, आणि परत येऊन सांगितले की आमच्या यादीत ही वस्तू नाही. तोवर दार बंद झाले होते, मागच्या रांगेतले गृहस्थ आपल्या ट्रेभोवती काय चालले आहे याची नापसंतीने चौकशी करीत होते, आणि वाद घालण्याची ती वेळ नव्हती. आम्ही हार्नेस सोडला. उरला तो विमानातला नेहमीचा, मोठ्या माणसाच्या कमरेसाठी केलेला पट्टा. तो शेवटपर्यंत ओढला तरी नातवाचे पोट आणि पट्टा यांच्यात माझी चार बोटे सहज जात होती. त्याच वेळी त्याच विमानसेविकेने माझ्या हातातली पर्स समोरच्या आसनाखाली ठेवायला लावली. त्या पर्समध्ये चष्मा, रुमाल आणि गोळ्यांची डबी होती. पाऊण किलोही वजन भरले नसते.

मे महिन्यात विदर्भातली जमीन दुपारी किती तापते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट वर चढतात आणि खाली उतरणारे विमान त्यांतून जाताना त्याला गचके बसतात. त्यात असाधारण काही नाही, आणि वैमानिकाने पट्टे बांधण्याची सूचनाही वेळेवर दिली होती. तिसऱ्या की चौथ्या गचक्याला नातू आसनावरून पुढे घसरला. पाय खाली लोंबत होते, त्यामुळे टेकू कशाचाच नव्हता. कमरेवरचा पट्टा आधी पोटावर, मग छातीवर आला, आणि मुलीने त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढले नसते तर तो गळ्याशी गेला असता. हे सगळे दोन-तीन सेकंदांत घडले. दुधाची बाटली उडून पुढच्या चार रांगा ओलांडून गेली. कोणाला काही लागले नाही. दोघेजण हसले. मागच्या गृहस्थांनी, ‘अहो, मांडीवर घ्या ना त्याला, एवढ्याशा पोराला बांधून काय ठेवता’, असा सल्ला दिला.

परतीच्या प्रवासात विमान कंपनी तीच होती, हार्नेस तोच आणि मूलही तेच. या वेळी दुसरी विमानसेविका होती. तिने चिठ्ठी पाहिली, पट्टा मागच्या प्रवाशाच्या आड येत नाही ना एवढे तपासले, आणि आम्हाला तो लावू दिला. माझ्या पत्राचा सगळा विषय या दोन प्रवासांमधल्या फरकात आहे. एका दिवशी नियमात न बसणारी वस्तू पाच दिवसांनी नियमात बसली, कारण लेखी, सर्व कर्मचाऱ्यांना ठाऊक असलेली, प्रवाशाला दाखवता येईल अशी सूचना तिथे कोणाकडेच नव्हती. पहिल्या विमानसेविकेला मी दोष देत नाही. अनोळखी वस्तू दिसली की नाही म्हणावे, हेच तिला शिकवलेले असणार, आणि सुरक्षेच्या कामात तो स्वभाव चांगलाच आहे.

मी भौतिकशास्त्राची शिक्षिका होते. तेव्हा थोडा हिशेब मांडते. विमानातली आसने अपघाताच्या चाचणीत पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट आणि नव्या मानकाप्रमाणे सोळा पट धक्का सोसतील अशी बनवलेली असतात. नऊ पट धक्क्याला माझ्या नातवाचे साडेअकरा किलो वजन शंभर किलोंच्या वर जाते, सोळा पटीला १८४ किलो. तांदळाची शंभर किलोंची गोणी क्षणभर छातीशी धरून ठेवता येईल का, असे विचारले तर कोणीही हसून नाही म्हणेल. पण मूल असले की आपल्याला वाटते, आई सोडणार नाही. आईच्या मायेबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती मनगटांबद्दल.

अपघात बाजूला ठेवू, कारण तो फार विरळा. हवेतली खळबळ मात्र तितकी विरळा नाही. लंडनहून सिंगापूरला निघालेले विमान २१ मे २०२४ रोजी म्यानमारवरून जात असताना अशा खळबळीत सापडले. एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावे लागले. सिंगापूरच्या तपास यंत्रणेने आठवडाभरात जाहीर केलेल्या प्राथमिक माहितीनुसार, विमानातल्या माणसांवरचा भार ०.६ सेकंदात गुरुत्वाकर्षणाच्या अधिक १.३५ पटीवरून उणे १.५ पटीवर गेला. उणे दीड पट याचा अर्थ असा की पट्टा न लावलेली वस्तू स्वतःच्या वजनाच्या दीडपट जोराने छताकडे खेचली जाते. माझ्या नातवाच्या बाबतीत ते सतरा किलो होतात. सतरा किलो धरणे अशक्य नाही, पण इथे अवधी अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक आहे, आणि लांबच्या प्रवासात मूल मांडीवर झोपले की आईचाही डोळा लागलेला असतो. हे सारे परदेशातच होते असेही नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेल्या विमानाला उतरताना असेच तीव्र हादरे बसले, प्रवासी आणि कर्मचारी जखमी झाले, आणि त्यांतल्या एका प्रवाशाचे पुढे निधन झाले.

या प्रश्नाचा इतिहास ३५ वर्षांहून जुना आहे, आणि तो वाचताना मला वारंवार थांबावे लागले. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत आयोवा राज्यातील सू सिटी येथे एक डीसी-१० विमान नियंत्रण जवळजवळ गमावलेल्या अवस्थेत धावपट्टीवर आदळले. २९६ जणांपैकी १८४ जण वाचले, हे वैमानिकांचे असामान्य कौशल्य. त्या विमानात आईवडिलांच्या मांडीवर बसून आलेली चार मुले होती. मुख्य विमानसेविका जॅन ब्राउन यांनी त्या काळच्या प्रशिक्षणाप्रमाणे पालकांना सांगितले की मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा, भोवती उशा रचा आणि हातांनी धरून ठेवा. आदळल्यावर त्यांतली निदान दोन मुले आयांच्या हातात राहिली नाहीत. ११ महिन्यांची एक मुलगी सामानाच्या वरच्या कप्प्यात जाऊन पडली होती. धुराने भरलेल्या विमानातून बाहेर पडलेला एक प्रवासी तिचे रडणे ऐकून परत आत गेला, म्हणून ती वाचली. २२ महिन्यांचा एक मुलगा मात्र गेला. जॅन ब्राउन बाहेर आल्यावर त्यांना पहिल्यांदा भेटली ती त्या मुलाची आई. आपण दिलेली सूचनाच चुकीची होती, हे त्यांनी कधी झाकले नाही. मांडीवरच्या मुलांना स्वतंत्र आसन आणि स्वतंत्र पट्टा मिळावा म्हणून त्या पुढची कित्येक वर्षे सरकारदरबारी खेटे घालत राहिल्या.

१९९० साली अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तशी शिफारस केली. १९९४ च्या जुलैत शार्लट येथील अपघातात नऊ महिन्यांची एक मुलगी आईच्या हातून निसटून दगावली, तेव्हा ती मुलांच्या आसनात नीट बांधलेली असती तर बहुधा वाचली असती, असे याच मंडळाने नोंदवले. डिसेंबर २०१२ मध्ये कॅनडाच्या उत्तर भागात सानिकिलुआक येथे एक छोटे विमान कोसळले. नऊ जणांत मृत्यू झाला तो फक्त मांडीवरच्या, सहा महिन्यांच्या बाळाचा. त्यानंतर २०१५ मध्ये कॅनडाच्या मंडळानेही हीच शिफारस केली. जानेवारी २०२४ मध्ये पोर्टलंडहून उडालेल्या विमानाच्या भिंतीचा एक तुकडा हवेतच उडून गेला. त्या विमानातही मांडीवर बसलेली तीन बाळे होती. सुदैवाने त्या भगदाडालगतची दोन आसने रिकामी होती.

तरीही अमेरिकेने दोन वर्षांखालील मुलांसाठी आसनसक्ती केली नाही, आणि त्याचे कारण प्रामाणिकपणे समजून घेतले पाहिजे. २००५ साली एफएएने हा विचार सोडून दिला तेव्हा तिचे म्हणणे असे होते की बाळासाठी पूर्ण तिकीट घ्यावे लागले तर काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी अधिक मुले दगावतील. हा युक्तिवाद कोरडा आहे, पण खोटा नाही. आपल्याकडे तर तो अधिकच लागू पडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. मुंबई-नागपूर विमानाचे तिकीट परवडत नाही म्हणून एखादे कुटुंब रात्रभर मोटार हाकत समृद्धी महामार्गाने निघाले, तर त्या बाळाचे आपण काहीच भले केले नाही. म्हणून मी आसनसक्ती मागत नाही. ज्या पालकांना मुलाला नीट बांधून न्यायचे आहे, त्यासाठी जे पैसे मोजायला तयार आहेत, त्यांची वाट तरी अडवू नका, एवढेच माझे मागणे आहे.

ही वाट किती ठिकाणी अडते, ते सांगते. नातू सव्वा वर्षाचा असताना मुलीने त्याच्यासाठी स्वतंत्र आसन घ्यायचे ठरवले होते. संकेतस्थळावर बाळाचे वय भरले की ते आपोआप मांडीवर जाई आणि आसन निवडण्याची सोयच नाहीशी होई. दूरध्वनीवर तीन वेळा बोलल्यावर सांगण्यात आले की मोठ्या मुलाचे तिकीट काढा आणि विमानतळावर समजावून सांगा. विमानतळावर काय समजावून सांगायचे आणि कोणाला, याचे उत्तर मिळाले नाही. शेवटी बाळ मांडीवरच गेले. विमानात एक छोटा जोडपट्टा देण्यात आला, ज्याच्या फाशातून आईचा पट्टा जातो आणि ज्याचा वेढा बाळाच्या पोटाभोवती बसतो. या जोडपट्ट्याबाबत देशोदेशीचे तज्ज्ञही एका मताचे नाहीत. युरोपात मांडीवरच्या बाळाला तो किंवा दुसरे एखादे साधन लावावेच लागते; अमेरिकेत विमान धावपट्टीवर असताना, उडताना आणि उतरताना त्याला मनाई आहे. कारण समजायला सोपे आहे. खळबळीत तो बाळाला छताकडे उडू देत नाही, हा त्याचा खरा उपयोग. मात्र जोराच्या आदळण्यात आईचे अंग पुढे दुमडते आणि तिच्या व समोरच्या आसनाच्या मध्ये बाळच सापडते. तेव्हा तो मिळाला तर प्रवासभर जरूर लावावा, पण मुलाची सगळी काळजी मिटली असे त्याने होत नाही. आईच्याच पट्ट्यात बाळालाही घेणे तर त्याहून वाईट, आणि मी ते एकाहून अधिक वेळा शेजारच्या रांगेत पाहिले आहे.

दोन ते चार वर्षांच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, कारण तिकीट असले की त्यांची सोय झाली असे आपण धरून चालतो. कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडांवर टेकला पाहिजे. मोठ्या माणसाची ती हाडे पट्टा अडवून धरतात. लहान मुलाची हाडे अजून तशी घडलेली नसतात, त्यामुळे पट्टा मऊ पोटावर चढतो आणि धक्का आतड्यांना व मणक्याला बसतो. वरचे अंग मोकळे असल्याने डोके पुढच्या आसनावर आपटते ते वेगळेच. मोटारीत अशा मुलासाठी उंच बैठक वापरतात, पण ती चालते ती खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यामुळे. विमानात तो पट्टा नसल्याने त्या बैठकीचा उपयोग नाही आणि ती उड्डाणाच्या वेळी वापरूही देत नाहीत. उरतात दोन मार्ग. एक वर सांगितलेला हार्नेस, दुसरा विमानासाठी मान्यता असलेली मोटारीतली पूर्ण कार सीट, जिला स्वतःचे खांद्याचे पट्टे असतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा कार सीटवर मोटार आणि विमान दोन्हींसाठी मान्यता असल्याचे लाल अक्षरांत छापलेले असते. ती साधारण चाळीस सेंटिमीटरपर्यंत रुंद असावी, खिडकीजवळ लावावी म्हणजे दुसऱ्यांची वाट अडत नाही, आणि आपत्कालीन दाराच्या रांगेत लावू नये. सुट्टीत न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून घरी येणारी आपली कितीतरी मराठी कुटुंबे ही कार सीट सामानात टाकतात आणि मुलाला पंधरा-सोळा तास मांडीवर घेऊन बसतात. सामानात आपटून ती सीट खराब होते, ते निराळेच.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला मोटारीत पट्ट्याने किंवा मुलांच्या सुरक्षा-साधनाने बांधले नाही तर एक हजार रुपये दंड ठेवला आहे. नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला हार्नेस लावावा, शिरस्त्राण घालावे आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत ठेवावा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तो किती पाळला जातो ते आमच्या डोंबिवलीत कोणत्याही शाळेबाहेर उभे राहून पाहावे. टाकीवर उभे असलेले पोर मला रोज दिसते. तरीही रस्त्यावर निदान नियम काय आहे हे कोणालाही सांगता येते.

विमान वाहतूक महासंचालनालयाने मनात आणले तर लगेच काम होते, याचे उदाहरण ताजे आहे. एप्रिल २०२४ मध्ये महासंचालनालयाने विमान कंपन्यांना आदेश दिला की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी आसन द्यावे. त्याआधी पैसे भरून आसन निवडले नाही म्हणून आई सातव्या रांगेत आणि मूल एकविसाव्या रांगेत, असे प्रकार होत असत. त्याच धर्तीवर आणखी एक परिपत्रक निघावे. मुलांसाठीची कोणती आसने व हार्नेस आपल्या विमानांत चालतील याची यादी प्रत्येक कंपनीने तिकीट काढण्याच्या पानावरच द्यावी, त्या यादीचे प्रशिक्षण प्रत्येक केबिन कर्मचाऱ्याला द्यावे, आणि दोन वर्षांखालील बाळासाठी आसन घेऊ इच्छिणाऱ्याला ते संकेतस्थळावरूनच, तेही सवलतीत, घेता यावे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ सालीच मुलांच्या सुरक्षा-आसनांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे, तेव्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करण्याची गरज नाही. कंपन्यांनी प्रत्येक विमानात असे दोन-चार हार्नेस ठेवून ते मागणाऱ्याला प्रवासापुरते वापरायला द्यावेत, असेही मला वाटते. खाण्याच्या गाडीवर चहाच्या पिशव्यांचे जेवढे प्रकार असतात, त्याहून ते जड होणार नाहीत.

‘बांधून ठेवणे’ या शब्दाबद्दलही थोडे लिहिते, कारण मागच्या रांगेतल्या गृहस्थांचा सल्ला माझ्या डोक्यातून जात नाही. मराठीत बांधून ठेवतात ते गुराला किंवा चोराला. मुलाला बांधले म्हटले की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. पण आमच्याच घरांत बाळ जन्मल्यापासून चाळीस दिवस त्याला दुपट्यात असे घट्ट गुंडाळत की हातपाय हलू नयेत, आणि त्याला कोणी बांधणे म्हणत नसे, बाळाला छान लपेटले म्हणत. मग हार्नेसने एवढे काय केले? मूल रडते ही खरी अडचण आहे, आणि तिच्यावर उपायही आहे. पहिल्या प्रवासात नातू पट्ट्याला कंटाळून रडला, कारण त्याने तो आधी कधी पाहिलेलाच नव्हता. नागपूरच्या मुक्कामात आम्ही जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीला हार्नेस लावला. पहिले दोन दिवस त्यात त्याचे कापडी अस्वल बसत होते. तिसऱ्या दिवशी अस्वलाला ढकलून तो स्वतः बसला, आणि चौथ्या दिवशी पट्टा लावल्याशिवाय वरणभात खाईना. परतीच्या विमानात खांद्यावरचे पट्टे दिसताच त्याने आपणहून हात वर केले, आणि विमान उडण्याआधी झोपला तो मुंबई दिसेपर्यंत उठला नाही. विमानात बाळासाठी मिळणाऱ्या लटकत्या पाळण्याबाबतही एक सांगते. तो उडताना आणि उतरताना वापरायचा नसतो हे सगळ्यांना कळते, पण मधे पट्ट्यांचा दिवा लागला की झोपलेले बाळ उचलायचे जिवावर येते. ते उचलावेच लागते.

गेल्या महिन्यात मुलीने त्या विमान कंपनीला ईमेल पाठवून हा हार्नेस चालतो की नाही, असा एका ओळीचा प्रश्न विचारला. प्रश्नाची नोंद घेतली असल्याचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. त्यापुढचे उत्तर अजून यायचे आहे. दिवाळीत आम्हाला पुन्हा नागपूरला जायचे आहे. मान्यतेच्या चिठ्ठीची छापील प्रत, ईमेलची प्रत आणि हार्नेस असे सगळे एकाच पिशवीत भरून ठेवले आहे. दारात त्या दिवशी दोघींपैकी कोण उभी असेल, ते पाहू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली